धरमपेठेत फ्रेंच जेवण शोधताना: संशोधनाचा विषय कसा चुकतो आणि मग कसा सापडतो



पीएचडीला बसायच्या तयारीत असलेले बरेच जण एकच प्रश्न विचारतात: "विषय कसा निवडायचा?" या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. माझा विषय कसा चुकला आणि मग कसा सुधारला, एवढं मात्र सांगता येईल. तुम्ही इतिहासाचे असा, समाजशास्त्राचे असा की मराठीचे, हा घोळ तुमच्याही वाट्याला येणारच आहे. तेव्हा माझा घोळ आधी वाचून ठेवा.

सुरुवात खाण्यापासून झाली. एम.ए. करताना मी फ्रेंच शिकले. खरं तर ती एक जास्तीची भाषा म्हणून घेतली होती, पण पाठ्यपुस्तकात दर दोन धड्यांनंतर कोणीतरी जेवायला बसलेलं असायचं. कांद्याचं सूप, वाइनमध्ये शिजवलेली कोंबडी, चीजचे प्रकार. वाचता वाचता आवड लागली, मग घरी करून बघितलं, आणि मग धरमपेठेत हे कुठे मिळतं का, याचा शोध सुरू झाला. वेस्ट हायकोर्ट रोडवरून कॉफी हाऊस चौक, लक्ष्मीभुवन चौक, पुढे शंकरनगर, इकडे गोकुळपेठ बाजार असा माझा संध्याकाळचा फेरा ठरलेला. क्रोसाँ मिळालं, बिनअंड्याचं क्रेप मिळालं, "फ्रेंच" नावाचे फ्राइज तर सगळीकडेच. एका कॅफेत कांद्याच्या सूपवर शेव होती. वाईट लागलं नाही, हेही कबूल करते.

या फेऱ्यांतून एक विषय डोक्यात आला आणि मी तो मोठ्या उत्साहाने कागदावर मांडला: "नागपूरच्या खाद्यसंस्कृतीवरील फ्रेंच प्रभाव". मार्गदर्शक मॅडमनी कागद वाचला, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "कोणता प्रभाव?"

पुढचे सहा महिने मी या दोन शब्दांचं उत्तर शोधत होते.

पहिली चूक: शब्दाला पुरावा समजणं

माझा पहिला पुरावा शब्दांचा होता. बघा ना: हॉटेल, रेस्टॉरंट, कॅफे, मेनू, सूप, सॉस, ऑम्लेट, शेफ. आपल्या बटाट्याच्या कटलेटमागेही फ्रेंच 'कोतलेत' आहे, म्हणजे बरगडीजवळच्या मांसाचा तुकडा. मी चांगली दोन पानांची यादी केली होती.

पण या शब्दांनी प्रवास कसा केला? पॅरिसहून लंडनला आणि लंडनहून इंग्रजीच्या पाठीवर बसून आपल्याकडे. नागपुरात ते फ्रेंच माणसाने आणले नाहीत. शब्द कुठल्या भाषेत जन्मला आणि तो आपल्यापर्यंत कोणी पोचवला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माझ्या यादीने पहिल्याचं उत्तर मिळत होतं आणि मी ते दुसऱ्याचं म्हणून खपवत होते.

तरी त्या यादीतला एक शब्द मी बाजूला काढून ठेवला: हॉटेल. फ्रेंचमध्ये आणि इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. मराठीत आपण "हॉटेलात जेवायला जाऊ" म्हणतो आणि राहायच्या जागेला लॉज म्हणतो. चहाची टपरी जरा मोठी झाली की तीही "चहाचं हॉटेल" होते. शब्द बाहेरून आला, पण अर्थ आपण आपल्या गरजेने बदलला. यादीतल्या समान शब्दांपेक्षा हा बदललेला अर्थ जास्त बोलतो. तुमच्या विषयात असे अर्थ बदललेले शब्द दिसले तर ते जरूर टिपून ठेवा.

दुसरी चूक: आजचा नकाशा कालवर ठेवणं

माझा दुसरा पुरावा मिशनऱ्यांचा होता. नागपूर-कामठी भागात एकोणिसाव्या शतकात सेंट फ्रान्सिस द सेल्सच्या नावाने काम करणारे कॅथलिक मिशनरी आले. शहरातल्या एसएफएस संस्थांचं नाव तिथूनच आलं आहे. हा संघ १८३८ साली ॲनसी या गावी स्थापन झाला. ॲनसी आज फ्रान्समध्ये आहे. झालं! मला फ्रेंच माणसं सापडली. आता ती काय खात होती, एवढंच शोधायचं बाकी.

मॅडमनी पुन्हा एक प्रश्न विचारला. "१८३८ साली ॲनसी कोणत्या राज्यात होतं?"

ॲनसी हे सॅव्हॉय प्रांतातलं गाव, आणि सॅव्हॉय १८६० साली फ्रान्सला जोडला गेला. त्याआधी तो सार्डिनियाच्या राज्याचा भाग होता. म्हणजे सुरुवातीला आलेली माणसं फ्रेंच बोलत असतील, पण फ्रान्सची प्रजा नव्हती. आपल्याला तर हे पटकन कळायला हवं. नागपूर स्वतः १९५६ पर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाडच्या आणि नंतर मध्य प्रदेशच्या राजधानीचं शहर होतं, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलं आणि १९६० साली महाराष्ट्रात आलं. १९५० सालच्या नागपूरच्या हॉटेलला "महाराष्ट्रातलं हॉटेल" म्हटलं तर वाक्य बरोबर वाटतं आणि इतिहास चुकतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे तुम्ही चुकीच्या राज्याची कागदपत्रं चाळत बसता.

तिसरी चूक: सगळे सांगतात म्हणून खरं मानणं

आता मी थेट पॅरिसला गेले. म्हणजे ग्रंथालयात.

रेस्टॉरंटच्या जन्माची एक कथा सगळीकडे सापडते. १७६५ साली पॅरिसमध्ये बुलांजे नावाच्या माणसाने मेंढीचे पाय पांढऱ्या रश्श्यात घालून विकले. शिजवलेलं अन्न विकायचा हक्क असलेल्या दुसऱ्या व्यावसायिकांनी त्याच्यावर दावा लावला, तो जिंकला आणि रेस्टॉरंट जन्माला आलं. ही कथा मी माझ्या पहिल्या मसुद्यात मोठ्या प्रेमाने घातली होती. मेंढीचे पाय म्हणजे आपलं खूरच की! सावजीच्या ताटापासून पॅरिसपर्यंत एकदम पूल बांधला गेला.

मग रिबेका स्पँग या इतिहासकार बाईंचं २००० साली आलेलं रेस्टॉरंटच्या जन्मावरचं पुस्तक वाचलं. त्यांनी पॅरिसची दफ्तरं तपासली आणि त्या खटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. राज्यक्रांतीत सरदारांचे आचारी बेकार झाले आणि त्यांनी रेस्टॉरंटं काढली, ही दुसरी लोकप्रिय कथाही अपुरी ठरते, कारण रेस्टॉरंटं १७८९च्या आधीच सुरू झाली होती. मुळात 'रेस्तोराँ' हे जागेचं नावच नव्हतं. ते एका पौष्टिक सुपाचं नाव होतं. अशक्त माणसाला ताकद परत देणारं ते सूप. ते जिथे मिळायचं त्या जागेला हळूहळू तेच नाव पडलं.

माझ्या कामाची गोष्ट मात्र पुढे होती. त्याआधी पॅरिसमध्ये बाहेर जेवायचं म्हणजे बहुतेकदा 'ताब्ल दोत': ठरलेली वेळ, एकच लांब टेबल, समोर येईल ते खायचं, शेजारी कोण बसेल ते आपल्या हातात नाही. रेस्टॉरंटमध्ये चार गोष्टी नव्या होत्या. स्वतंत्र टेबल, आपल्या सोयीची वेळ, यादीतून निवड आणि त्या यादीत छापलेली किंमत.

हे वाचताना मी थांबले. ठरलेली वेळ, ठरलेलं ताट, ठरलेले मेंबर? अरे, ही तर आपली खानावळ!

मग प्रश्न बदलला

इथे मला पहिल्यांदा तुलना कशासाठी करायची ते कळलं. "पॅरिसने नागपूरला काय दिलं" हा प्रश्न पोकळ होता. पण "खानावळीतून हॉटेलात जाताना माणसाच्या आयुष्यात काय बदललं" हा प्रश्न दोन्ही शहरांना विचारता येतो, आणि दोन्हीकडे उत्तर वेगळं येतं.

पॅरिसमध्ये स्वतंत्र टेबलाने माणसाला गर्दीत थोडं एकटेपण दिलं. आपल्याकडे टेबलाचा प्रश्न त्याआधी सुरू होतो. आपल्याकडे जेवण म्हणजे पंगत, आणि पंगतीत कोणी कोणाशेजारी बसायचं, कोणाच्या हातचं खायचं, हे जात ठरवत होती. खानावळीही बऱ्याचदा जातीच्या किंवा गावच्या आधारावर चालायच्या. फ्रँक कॉनलन यांनी मुंबईतल्या बाहेर जेवण्याच्या इतिहासावर लिहिलेला लेख १९९५ साली आला. इराण्यांची, उडुपींची, हिंदू हॉटेलांची चर्चा त्यात आहे. तो नक्की वाचा. अनोळखी माणसांनी एका छताखाली बसून खाणं ही आपल्याकडे केवढी मोठी उलथापालथ होती, ते त्यातून लक्षात येतं.

आता मी मुलाखती घ्यायचं ठरवलं. बावीस प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. पहिला प्रश्न होता: "तुम्ही पहिल्यांदा हॉटेलात काय खाल्लं?" सुरुवात घरापासून केली. माझी आजी धरमपेठेतच राहिलेली. तिने सांगितलं, "लग्नानंतर वीस वर्षं मी हॉटेलची पायरी चढले नाही. बाहेरचं चालत नसे आपल्याकडे." मी रकान्यात लिहिलं: नाही.

पुढच्या आठवड्यात उत्तर नागपुरात एका आजोबांकडे गेले. वय पंच्याऐंशीच्या पुढे, गिरणीतून निवृत्त. मी प्रश्नावली काढली, पहिला प्रश्न विचारला. ते थोडं हसले आणि म्हणाले, "पोरी, काय खाल्लं ते मंग इचार. आंदी इचार, आत बसू देत होते का."

मग त्यांनी त्यांच्या वडिलांबद्दल सांगितलं. गावच्या बाजारातलं चहाचं हॉटेल. वडील बाहेर उभे राहून चहा घ्यायचे. त्यांच्यासारख्यांचे कप वेगळे, बाहेरच ठेवलेले. पिऊन झालं की आपला कप आपणच धुवायचा आणि परत जागेवर ठेवायचा. पैसे मात्र सगळ्यांएवढेच. "माह्या बापानं आखरीपर्यंत हॉटेलात बसून चहा नाही पेला," ते म्हणाले. "मंग बंदी उठली तरी नाही. म्हणे, आता मन नाही होत."

मी घरी येऊन रकाना भरायला बसले. हॉटेलात खाल्लं का? आजोबांच्या वडिलांसमोर काय लिहायचं? नाही.

माझ्या आजीसमोरही "नाही" होतं.

मित्रांनो, या दोन "नाही"कडे मी बराच वेळ बघत बसले. माझी आजी हॉटेलात गेली नाही, कारण तिच्या घराला बाहेरच्यांचा विटाळ होईल अशी भीती होती. ते वडील गेले नाहीत, कारण त्यांचाच विटाळ मानला जात होता. एकच रिवाज दोन बाजूंनी. माझ्या प्रश्नावलीत दोन्हींची नोंद अगदी सारखी. हीच माहिती मी आकडेवारीत टाकली असती तर निष्कर्ष निघाला असता: "जुन्या पिढीत बाहेर खाण्याचं प्रमाण कमी होतं." वाक्य बरोबर, आणि त्यातून सगळं महत्त्वाचं निसटलेलं. आणि एक गोष्ट मला स्वतःबद्दल कळली. आमच्या घरचं "बाहेरचं खाऊ नये" हे मी लहानपणापासून स्वच्छतेचं मानत आले होते. म्हणूनच तो प्रश्न माझ्या बावीस प्रश्नांत आला नव्हता.

कायद्यातलं रेस्टॉरंट

यानंतर मी जो दस्तऐवज उघडला, तो खाद्यइतिहासाचा म्हणून कोणी सुचवत नाही. भारताचं संविधान. अनुच्छेद १५चा दुसरा खंड वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांपैकी कशावरूनही कोणाला दुकानं, सार्वजनिक रेस्टॉरंटं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं इथे जाण्यापासून अडवता येणार नाही, असं तिथे आहे. मूलभूत हक्कांच्या यादीत, विहिरी, तलाव, रस्ते यांच्या जोडीला, रेस्टॉरंट! पॅरिसमध्ये सुपाचं नाव असलेला शब्द इथे हक्काचा शब्द झाला. १९४८च्या नोव्हेंबरात संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली. दुकान या शब्दात काय काय येतं, असा प्रश्न निघाला तेव्हा बाबासाहेबांनी तो व्यापक अर्थाने घ्यायचा असल्याचं स्पष्ट केलं. ती चर्चा मुळातून वाचा, फार लांब नाही.

पुढे १९५५ साली अस्पृश्यता (अपराध) कायदा आला. त्यात हॉटेलात प्रवेश नाकारणं तर गुन्हा आहेच, पण तिथली भांडी वापरू न देणंही गुन्हा आहे. भांड्यांचा वेगळा उल्लेख का करावा लागला? कारण आत येऊ द्यायचं आणि कप वेगळा द्यायचा, ही पळवाट शिल्लक होती. कायद्यातली ही एक ओळ म्हणजे आजोबांच्या वडिलांचा तो कप. हे लक्षात ठेवा: कायदा एखाद्या गोष्टीला बारकाईने मनाई करतो, तेव्हा ती गोष्ट सर्रास चालू असल्याचीच ती खूण असते.

आणि हे सगळं धरमपेठेपासून फार लांब घडलेलं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, ती दीक्षाभूमी इथून दोन-तीन किलोमीटरवर आहे. त्या दिवसांत त्यांचा मुक्काम सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात होता. मी त्या रस्त्याने कितीदा गेले असेन, पण खाण्याच्या इतिहासाशी त्याचा संबंध मला तोवर सुचलाच नव्हता.

मग फ्रेंच आवडीचं काय झालं?

ती कामी आली. फक्त मला वाटलं होतं तिथे नाही.

नॉर्मंडीतल्या कां या शहराच्या नावाने वजडीचा एक प्रकार आहे. तासन् तास मंद आचेवर शिजवतात. फ्रेंच लोक तो शहराचा मान म्हणून मिरवतात. आपल्याकडे? हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून सावजी जेवण जुन्या नागपुरात पसरलं. त्यात खूर आहे, मुंडी आहे, सुंदरी म्हणजे बोकडाची आतडी आहेत. आज धरमपेठेतली मंडळीही हौसेने सावजी खायला जातात, पण यातले कितीतरी पदार्थ अजूनही दबक्या आवाजात मागवले जातात. जनावराचा तोच अवयव एका शहरात मिरवण्याचा आणि दुसऱ्या शहरात लपवण्याचा. हा फरक चवीचा नाही, प्रतिष्ठेचा आहे. आणि प्रतिष्ठेला इतिहास असतो. हा प्रश्न मला फ्रेंच जेवण आवडत नसतं तर सुचला नसता.

लिखित पाककृतींचंही तसंच. अर्जुन अप्पादुराई यांचा १९८८चा लेख पाककृतींच्या पुस्तकांतून "राष्ट्रीय" जेवण कसं घडतं ते दाखवतो. त्याशेजारी शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' ठेवा. आपल्या घरातल्या पुस्तकांत कोणाचं जेवण कधी छापलंच गेलं नाही, ते त्यातून कळतं.

तुमच्यासाठी चार कामाच्या गोष्टी

एक. चौकाचं नाव हे साधन आहे. धरमपेठेतला कॉफी हाऊस चौक घ्या. १९३६ साली मुंबईत चर्चगेटला कॉफीच्या प्रचारासाठी सरकारी आधाराने इंडिया कॉफी हाऊस निघालं. ती साखळी पन्नासच्या दशकात बंद व्हायला लागली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी सोसायट्या काढल्या. १९५७ साली बंगळुरू आणि दिल्लीत, पुढे नागपूर, जबलपूरसारख्या शहरांत. एका चौकाच्या नावावरून तुम्ही कामगार चळवळीपर्यंत पोचता. पण नाव म्हणजे सुरुवात. पुढे परवान्याची नोंद, जाहिरात, कोणाची तरी आठवण, यांची जोड हवीच.

दोन. मेनूकार्ड क्वचित टिकतं, म्हणून भोवतालचे कागद शोधा. महापालिकेचे परवाने, दुकाने व आस्थापनांच्या नोंदी, 'हितवाद' आणि 'तरुण भारत'च्या जुन्या अंकांतल्या छोट्या जाहिराती, १९०८चं नागपूर जिल्ह्याचं गॅझेटियर. जाहिरातीत "फॅमिली रूम" कधीपासून दिसते ते बघा. बाया हॉटेलात कधी बसू लागल्या, याचा माग तिथे लागतो.

तीन. प्रश्नावलीत "नाही" आलं की शेजारी "का" असा रकाना ठेवा. मी बावीस प्रश्न फाडून टाकले आणि आता नऊच ठेवलेत. पहिला प्रश्न आजोबांचा आहे.

चार. आपली आवड लपवू नका, पण तिला निष्कर्ष लिहू देऊ नका. आवडीने प्रश्न सुचवावा, उत्तर कागदांनी आणि माणसांनी द्यावं.

माझ्या प्रबंधाचं शीर्षक आता बदललंय. त्यात "फ्रेंच" नाही आणि "प्रभाव" तर अजिबात नाही. नागपुरात कोण कधी कोणाशेजारी बसून जेवू लागलं, एवढंच शोधायचं आहे.

मागच्या महिन्यात आजीला घेऊन लक्ष्मीभुवन चौकाजवळच्या एका साध्या हॉटेलात गेले. तिने डोसा मागवला. शेजारच्या टेबलावर कोण बसलंय याकडे तिने बघितलंही नाही. घरी आल्यावर मी तिला आजोबांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्याकडेही बाहेरच्या पडवीत एक वेगळा कप होता गं." हे तिने मला आधी कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

तुमच्या घरी विचारून बघा. काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा.